वर येण्याची मुभा

विजय नगर, जबलपूर
१४ एप्रिल २०१७

श्री. अंबादास काळमेघ यांना नमस्कार.

मी जया. रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमधल्या दिवाकर बोंडे यांची मुलगी. लग्नानंतर गावंडे झाले, म्हणून पाकिटावरचं नाव तुम्हाला ओळखीचं वाटलं नसेल. ते बरंच झालं. वाटलं असतं तर कदाचित तुम्ही पाकीट फोडलंच नसतं.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. माझी मुलगी ज्योती सतरा वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत ती मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर समुद्रावर गेली होती. तिथे कुणीतरी तिच्या पाठीवर सिलिंडर चढवला, तोंडात नळी दिली, हात धरून खाली नेलं, माशांबरोबर फोटो काढला आणि वर आणून सोडलं. शिकवणं म्हणाल तर चहा पिऊन होईल तेवढ्या वेळात उरकलं. कानावर दाब आला की काय करायचं, हे कुणी सांगितलंच नाही. पोरीला वाटलं, दुखतं तर दुखू द्यावं, फोटो तर चांगला येतो आहे. घरी आली तेव्हा कानातून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला आहे, भरेल. भरला. आता पाण्यात जायला हरकत नाही असंही त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं, हा विषय संपला. तर ही म्हणते, "मम्मी, मला नीट शिकायचं आहे. उन लोगों ने सिखाया ही कहाँ था?"

इथे प्रतिमा ढोमणे म्हणून एक बाई स्कूबा शिकवतात. आधी इथल्या पोहण्याच्या टँकमध्ये, मग समुद्रावर नेऊन. त्या तुमच्या हाताखाली शिकल्या असं कळलं, आणि तुमचा काटोलचा पत्ताही त्यांच्याकडूनच मिळाला. मी कोण ते त्यांना सांगितलं नाही. ज्योती अजून अठराची नाही, म्हणून माझी नाहीतर तिच्या वडिलांची सही लागते. नीलकंठ म्हणतात, "पाण्यातलं मला काय कळते? तूच ठरव." मी पाण्यात का उतरत नाही हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. ग्वारीघाटावर गेलो तरी मी वरच्या पायरीवरून नर्मदेला हात जोडते. त्यांना वाटतं, मला घाण पाण्याची किळस आहे.

तेव्हा एवढंच सांगा. प्रतिमा तुमच्यासारखं शिकवते का? तसं असेल तर मी सही करणार नाही. एका ओळीत कळवलंत तरी चालेल.

बाबा बरे आहेत. माझ्याकडेच राहतात. त्यांना हे पत्र माहीत नाही.

जया गावंडे


विजय नगर, जबलपूर
७ मे २०१७

अंबादास सरांना नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. येईल अशी आशा मलाही फारशी नव्हती. पण ज्योती रोज विचारून राहिली, "साइन केली का? काहून नाही केली?" शेवटी मीच उठले आणि प्रतिमा कसं शिकवते ते बघायला टँकवर गेले.

काठावरच्या बाकावर बसले. क्लोरीनचा वास आला. उठून जावं असं दोनदा वाटलं. पाण्यात पाच-सहा जण होते. त्यात एक बँकेतले गृहस्थ, चांगले जाडजूड, पन्नाशीचे. ते खाली गेले, आणि थोड्याच वेळात पाण्यातून त्यांचा अंगठा वर आलेला दिसला. लगेच बाकीचेही त्यांच्याबरोबर सावकाश वर आले. त्यांनी डोकं पाण्याबाहेर काढलं तशी काठावरची पोरं एका आवाजात ओरडली, "जया!"

मी उठून उभी राहिले. प्रतिमा बघत होती. पाण्यातून बाहेर येऊन म्हणाली, "काय झालं, दीदी? घाबरल्या का?"

"माझं नाव घेतलं त्यांनी."

"अच्छा, तुमचं नाव जया आहे?" ती हसली. "ती आमच्या सरांची रीत आहे. खाली कुणाला बरं वाटेनासं झालं की त्यानं अंगठा वर करायचा. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. सगळ्यांनी त्याच्यासोबत वर यायचं, अन् काठावरच्यांनी 'जया' म्हणायचं. म्हणजे, शाब्बास, बरं केलं. मी शिकत होती तेव्हा आम्हाला वाटे, सर 'जय' म्हणतात, जय नर्मदे मधलं. एकदा मी विचारलं. सर म्हणाले, एका पोरीचं नाव आहे. तिला वर यायचं होतं अन् मी येऊ दिलं नाही."

सर, मला त्या बाकावर परत बसावं लागलं. मी तिला म्हटलं, ती पोरगी मी आहे. प्रतिमा ओल्या अंगानंच माझ्या शेजारी बसली.  मग तिनं माझा हात हातात घेतला आणि एकेक सांगत गेली. तुम्ही वर्षभर शिकवणं बंद ठेवलं होतं. पुन्हा सुरू केलं तेव्हा पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगायचात, "ही तुझी हवा आहे. हिला माझा हात लागणार नाही. लागला तर माझ्या थोबाडीत दे." पाण्यात तुम्ही नेहमी सगळ्यात कच्च्या विद्यार्थ्याच्या हाताच्या अंतरावर राहायचात. पुढे प्रतिमानं बाहेर जाऊन शिकवण्याचं शिक्षण घेतलं तेव्हा तिथल्या पुस्तकात हेच नियम गुळगुळीत इंग्रजीत छापलेले निघाले. ती म्हणाली, "बाकीचे लिहून घेत होते. मला तर ते सगळं आधीपासूनच पाठ होतं."

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. मी सही केली.

घरी येऊन नीलकंठना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं घेऊन बसली होती अन् मला वाटे किळस आहे."

तुम्हाला दोन शब्द लिहावेत असं वाटलं म्हणून हे पत्र. उत्तर नाही दिलंत तरी मी रागावणार नाही.

जया


विजय नगर, जबलपूर
४ जून २०१७

अंबादास सर,

तुमच्याकडे पुढे काय झालं ते मला प्रतिमाकडून कळलं. माझ्याकडचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून आज लिहिते. दोष देण्यासाठी लिहीत नाही, एवढं आधी सांगते.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात मी अठरा वर्षांची होते. फॅक्टरी इस्टेटमधल्या टँकवर तुमच्या बॅचमध्ये मुली आम्ही दोनच. तुम्ही नेव्हीतून फॅक्टरीच्या फायर ब्रिगेडमध्ये आलेले, आणि नेव्हीत जसं शिकवलं तसंच तुम्ही आम्हाला शिकवत होतात. पाण्याखाली मागून येऊन मास्क ओढायचा. सिलिंडरची हवा बंद करायची, मग ज्याची बंद झाली त्यानं जोडीदाराकडे जायचं आणि दोघांनी एकाच नळीतून आळीपाळीने श्वास घ्यायचा. "समुद्र विचारून त्रास देत नाही," असं म्हणायचात. आणि नियम होता, जो मधेच वर गेला तो घरी गेला. मला घरी जायचं नव्हतं. मला तुमची शाबासकी हवी होती. बाबांचे तुम्ही एवढे जवळचे मित्र, मंडळाच्या गणपतीत दोघं मिळून आरास करणारे. लहानपणापासून मी तुम्हाला काका म्हणत आले होते, आणि टँकवर मात्र सर.

त्या दिवशी सकाळपासून मला बरं वाटत नव्हतं. उडी मारायच्या बाजूला, खोल पाण्यात, तुम्ही माझी हवा बंद केली. जोडीदार लांब होता. मी तुमच्याकडे बघून वर बोट दाखवलं. तुम्ही मान हलवली, नाही. मी अजून थांबले. मग मला आठवतं ते फक्त नाकातोंडात शिरलेलं पाणी आणि तो शेवाळी निळा उजेडाचा चौकोन, वर, खूप लांब.

नंतर आठवतो तो तुमचा चेहरा. तोंडावर तोंड ठेवून तुम्ही मला श्वास देत होतात आणि मधेमधे रडत होतात. मोठ्या माणसाला इतक्या जवळून रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. दवाखान्यात नर्स म्हणाली होती, "जिसने डुबाया, उसी ने साँस दी. क्या कहें अब." बाबांनाही हे माहीत होतं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. तुम्ही मला बघायला घरी आलात तेव्हा ते दारात उभे राहून जे बोलले ते मी आतून ऐकलं. "माझ्या पोरीच्या दारात पुन्हा दिसू नको."  चपलांचा आवाज तेवढा लांब गेला.

त्यानंतर जबलपूरच्या सदर बाजारात मी तुम्हाला एकदा पाहिलं. तुम्ही मला पाहिलं आणि सायकल वळवली. मी हाक मारणार होते. खरंच.

आता बातमी. ज्योतीच्या वर्गात एक जण कमी पडला. पाण्यात जोड्या लागतात, आणि ती एकटी उरली. प्रतिमानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे नको पाहू." ती म्हणाली, "उथळ बाजूला नुसतं उभं राहा. नाही जमलं तर अंगठा वर करा." मी उतरले. पाणी कमरेपर्यंत होतं आणि माझे दात वाजत होते. मी अंगठा वर केला. काठावरची सगळी पोरं ओरडली.

स्वतःचं नाव असं ऐकायला मिळालं तर कुणीही दुसऱ्या दिवशी परत जाईल. मी गेले.

जया


विजय नगर, जबलपूर
२३ जुलै २०१७

सर,

तुम्हाला आता कसं शिकवतात ते ऐकायला आवडेल असं वाटतं, म्हणून सांगते. तुम्ही आम्हाला टँकच्या तळाशी ओळीनं गुडघ्यांवर बसवायचात. आता बसवत नाहीत. पहिल्या दिवसापासून आडवं तरंगत राहायला शिकवतात, कारण समुद्राच्या तळाशी प्रवाळ असतं आणि माणसानं गुडघे टेकले की ते मोडतं. अंगावर हवेचं जॅकेट असतं, श्वास घेतला की जरा वर, सोडला की जरा खाली. पहिल्यांदा जमलं तेव्हा मला आईच्या पोटात असल्यासारखं वाटलं. प्रत्येकाच्या सिलिंडरला श्वासाच्या दोन नळ्या असतात, एक स्वतःची आणि दुसरी पिवळ्या रंगाची, शेजाऱ्यासाठी. त्यामुळे दोघांत एक नळी हा प्रकार नवशिक्यांना आता शिकवतच नाहीत. प्रतिमा म्हणाली, "सरांना हे पसंत पडणार नाही बघा."

सगळंच चांगलं झालं आहे असंही नाही. तीच सांगत होती, काही ठिकाणी तीन दिवसांत कार्ड हातात देतात, पोहता येतं की नाही ते धड बघतही नाहीत. ती देत नाही. माझंच बघा ना. पाण्याखाली मास्क काढायचा, परत लावायचा आणि नाकानं फुंकून आतलं पाणी काढायचं, एवढंच काम. मला ते जमत नव्हतं. एकदा कसंबसं जमलं, तर मी म्हटलं, झालं, लिही पास. तर म्हणते, "दीदी, एकदा जमणं म्हणजे येणं नाही. तुम्ही हसत केलं पाहिजे." मला राग आला. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला अशी नापास करते! दोन रविवार मी गेलेच नाही. ज्योती माझ्याशी बोलेना. तिसऱ्या रविवारी गेले, आणि पाण्याखाली मास्क काढला, डोळे मिटून बसले, आणि सर, काही झालं नाही. नाकावर थंड पाणी होतं आणि तोंडानं श्वास चालू होता. माझी हवा माझी होती. कुणी तिला हात लावणार नव्हतं. मी तिथेच थोडी जास्त बसले. मास्क लावून डोळे उघडले तर प्रतिमा माझ्यासमोर, हात पुढे करून, हाताच्या अंतरावर.

त्याच दिवशी घरी भांडण झालं. गॅलरीत वाळत घातलेला माझा पोहायचा पोशाख बाबांनी पाहिला. "कुणाचा आहे?" मी खरं सांगितलं. तुमचं नावही घेतलं, पत्रांचंही सांगितलं. बाबांनी काठी जमिनीवर आपटली. म्हणाले, "तो माणूस तुला मारून टाकत होता अन् तू त्याला पत्रं लिहून राहिली?" मी त्यांना टँकवर माझं नाव का घेतात ते सांगितलं. ते उठून आपल्या खोलीत गेले. रात्री जेवले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो तर बाबा चप्पल घालून दारात उभे. टँकवर येऊन बाकावर बसले, शेवटपर्यंत बसले. एका कॉलेजच्या पोरानं अंगठा वर केला, सगळे वर आले, पोरं ओरडली. बाबांनी मान खाली घातली. परत येताना ऑटोत त्यांनी एकच विचारलं, "हे त्यानं कधी सुरू केलं?"

मी म्हटलं, "माझ्यानंतर. पुढच्याच साली."



जया


मालवण
१७ डिसेंबर २०१७

सर,

हे पत्र समुद्राकाठून लिहिते आहे. केस अजून ओले आहेत.

ज्योती, मी, प्रतिमा आणि वर्गातले दोघं, असे आलो. पाणी टँकसारखं नसतं, हे सगळ्यांनी सांगितलं होतं, तरी सांगून कळत नाही. हिरवं, गढूळ, हलणारं. खाली दोर धरून उतरताना ज्योती माझ्यासमोर होती. तिनं कान मोकळे केले, मला खूण केली, मी पण केले. सगळं ठीक होतं. तळ दिसायला लागला आणि एकदम, काही कारण नसताना, मला वाटलं, नको. श्वास भराभर व्हायला लागला. ज्योती तिथे पोचलीच होती. इतक्या लांबून, इतका खर्च करून, पोरीचं स्वप्न, आणि तिची आईच त्यात खोडा घालणार. हे सगळं डोक्यात आलं. अठराव्या वर्षी पण असंच आलं होतं.

मी अंगठा वर केला.

प्रतिमानं माझ्याकडे पाहिलं, तोच अंगठा मला दाखवला, आणि सगळे वळले. चौघंही. कुणी हातवारे केले नाहीत, कुणी खालच्या माशांकडे वळून पाहिलं नाही. सावकाश, थांबत थांबत, आम्ही वर आलो. बोटीवर मी तोंड लपवून बसले. बोटवाल्यानं थर्मासातला चहा दिला. ज्योती माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "मम्मी, समुद्र कुठे जाऊन राहिला? कल भी यहीं रहेगा."

शेजारच्या बोटीवर टूरिस्ट लोक होते. एक नवी नवरी नाक दाबून हसत होती, तिला कुणीतरी घाईघाईत मास्क चढवत होतं. प्रतिमा बोटीच्या कडेवर गेली आणि तिला ओरडून सांगितलं, "ताई, कान दुखला की थांबा! नाक दाबून फुंका, नाहीच जमलं तर वर या!" त्या बोटीवरचा माणूस चिडला. नवरी मात्र लक्ष देऊन ऐकत होती.

चहा संपला. मी प्रतिमाला म्हटलं, चलो.

दुसऱ्यांदा मी खाली गेले. सर, कसं सांगू? काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे खडकाला टेकून उभे होते, ओळीनं, बँकेत पासबुकं भरायला थांबलेल्या लोकांसारखे. ज्योतीनं बोट दाखवलं तिथे खडकाच्या खाचेत एक गोळामटोळ मासा आमच्याकडे रागानं बघत होता. मी मास्कच्या आत हसले, आणि हसल्यामुळे पाणी शिरलं, आणि मी ते फुंकून काढलं. मागं वळून पाहिलं तर प्रतिमा डोळे मिचकावत होती. पास.

बोटीवर येऊन मी विचार करत बसले. पहिल्यांदा मला वर येऊ दिलं नसतं, तर दुसऱ्यांदा मी खाली गेलेच नसते. आयुष्यात परत कधीच नाही. आणि मला वर येऊ देणारी ही बाई तुमच्याकडे शिकली, आणि तुम्ही हे माझ्यामुळे शिकलात. त्या उन्हाळ्यात जे झालं ते होऊ नये असंच होतं. पण त्यानंतर तुम्ही त्याचं जे केलंत ते फार थोडी माणसं करतात. झाकलं नाहीत. ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही अशा पोरांना दर वेळी माझ्या नावानं सांगत राहिलात, की चूक माझी होती, तिची नाही. किती पोरं तुमच्या रीतीनं पाण्यात गेली आणि सुखरूप वर आली, मला मोजता यायचं नाही. त्यांतली एक माझी मुलगी आहे.

तुम्ही मला श्वास दिलात त्याबद्दल कुणीच तुमचे आभार मानले नव्हते. मी मानते, काका. मनापासून मानते.

तुमची
जया


काटोल
९ जानेवारी २०१८

चि. सौ. जया हीस अनेक आशीर्वाद.

मी बेबीताई, अंबादासभाऊंची पुतणी. भाऊंच्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून लकवा आहे, लिहिता येत नाही. तुझी सगळी पत्रं आली. पहिलं त्यांनी मला वाचायला दिलं अन् मी निम्म्यावर असताना म्हणाले, "राहू दे." मी ते उशीजवळ ठेवलं. पुढची पण आली तशी वाचून दाखवली. दर वेळी म्हणाले, "उत्तर काय लिहिणार, काय तोंडानं लिहिणार." मालवणचं पत्र वाचलं तेव्हा मात्र दोनदा परत वाचायला लावलं, अन् संध्याकाळी म्हणाले, "बस, लिही." पुढचं सगळं त्यांचं आहे, जसं बोलले तसं.

जया, बेटा, दुसऱ्या नळीचं वाचून बरं वाटलं. एक नळी दोघांत शिकवत नाहीत ते बरोबरच आहे. घाबरलेला माणूस नळी परत देत नाही, हे मी नेव्हीत डोळ्यानं पाहिलं होतं, तरी शिकवत राहिलो. मला तसं शिकवलं होतं म्हणून. मला वाटे, जे मी सोसलं ते पोरांनी सोसलं तरच ती पक्की होतील. तू पक्की होती. पक्की होती म्हणूनच वर आली नाही अन् बुडली. हे समजायला मला तुझं तोंड निळं झालेलं पाहावं लागलं.

गुडघ्यावर बसवत नाहीत ते पण चांगलं. पण प्रतिमाला म्हण, पोहणं कमी करू नको. तीन दिवसांवाल्यांकडे पाहू नको. अन् त्या नव्या नवरीला तिनं ओरडून सांगितलं, त्याबद्दल तिला माझ्याकडून शाब्बास.

सदरच्या बाजारात सायकल वळवली ते तुला आठवते. मला पण आठवते. तू हाक मारणार होती हे मला माहीत नव्हतं.

मला टँक पाहायचा आहे. पाण्यात जाता येणार नाही, बाकावर बसेन. तुला पाण्यात पाहायचं आहे. पण जबलपूरला येईन ते दिवाकरला विचारून. त्यानं नको म्हटलं तर येणार नाही, अन् त्याचं वाईट पण वाटून घेणार नाही. तू त्याच्यावर जोर करू नको. त्याची पोरगी होती, तो बरोबर होता.

एवढंच. बेबीला हात दुखतो म्हणते.

अंबादास


विजय नगर, जबलपूर
२ फेब्रुवारी २०१८

प्रिय काका,

तुमचं पत्र आलं. मी ते बाबांना वाचून दाखवलं नाही, त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून ते खिडकीशी घेऊन बसले. बेबीताईंचं अक्षर बारीक आहे, त्यांना वेळ लागला. वाचून झाल्यावर घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि फिरायला निघून गेले. मी काही विचारलं नाही. तुम्हीच जोर करू नको म्हटलं होतं.

त्याला आज आठवडा झाला. या आठवड्यात बाबा रोज जेवायला बसले की तुमच्याबद्दल एखादी गोष्ट सांगायचे, जशी काही ज्योतीलाच सांगून राहिले. एका गणपतीला तुम्ही दोघांनी आरास म्हणून खरी पाणबुडी बनवली, ती आतून गळायला लागली आणि मंडळाचे अध्यक्ष भिजले. क्वार्टरमध्ये पहिला गॅस आला तेव्हा तुम्ही फायर ब्रिगेडचे म्हणून सगळ्या बायकांनी तुम्हालाच शेगडी पेटवायला बोलावलं, आणि तुमची मिशी जळली. ज्योती हसून हसून लोळली. ती म्हणाली, "नानाजी, मग तुम्ही इतके वर्ष बोलले काहून नाही?"

बाबा म्हणाले, "राग होता." मग म्हणाले, "राग खरा होता. पण तो कधीच संपला होता. मला नुसतं उठून त्याच्याकडे जाता आलं नाही."

आज सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाबांनीच विषय काढला. "त्याला कळव, ये म्हणावं. लकवा आहे तर खालचीच सीट घ्यायला सांग, वरच्यावर चढायला जाईल तो, ऐकायचा नाही कुणाचं."

मी म्हटलं, "मी आणि नीलकंठ गाडी घेऊन स्टेशनवर जाऊ."

"तुम्ही काहून? मी जातो."

"बाबा, स्टेशनवर किती जिने आहेत. तुमचे गुडघे..."

"तर खाली गेटाशी उभा राहीन." आवाज चढला होता, नंतर उतरला. "जया, त्याला मी दारातून परत पाठवलं होतं. आता घरात घेऊन यायचं तर मीच गेलो पाहिजे ना."

तेव्हा काका, बेबीताईंना सोबत घेऊन या. प्रतिमानं तुम्ही याल त्या रविवारी सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना टँकवर बोलावलं आहे, तिला आवरणं माझ्या हातात नाही. तुमच्यासाठी माझ्याच घरी खालची खोली तयार केली आहे. थंडी अजून आहे, स्वेटर ठेवा. दुपारी पोचणाऱ्या गाडीनं या, म्हणजे उजेडात पोचाल.

आणि गाडी लेट झाली तरी काळजी करू नका. बाबा थांबणार आहेत.

तुमची
जया